खालच्या शेतातलं गवत
चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपून तास होऊन गेला होता आणि डिम्फ्नाच्या पबमध्ये जेरोम क्रॉटीचं शवविच्छेदन चाललं होतं. जेरोम जिवंत होता, दोन मैलांवर स्वतःच्या तबेल्यात होता. पण अडथळ्यांच्या शर्यतीतल्या ट्रेनरचे घोडे सत्तर दिवस हरत राहिले की त्याच्याविषयी बोलायला गावाला त्याची गरज उरत नाही.

टीव्हीवर नुकतीच एक शर्यत संपली होती. जेरोमचा कॅप्टन नेटल शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत पहिल्या तिघांत होता. मग कुणीतरी आतून वात खाली करावी तसा तो मंदावला, शेवटचा अडथळा कसाबसा ओलांडला आणि चालत आल्यासारखा नववा आला.

"एकोणचाळीस," पोस्टमन फिंटन म्हणाला. "एकोणचाळीस वेळा पळवले आणि एकही पहिला नाही."

"सरावाच्या पट्टीवर नवी वाळू टाकली ना त्यानं. पाय रुतत असणार," दुसरा एकजण म्हणाला.

"पाय रुतले असते तर पहिल्या मैलातच दिसलं असतं," मास्तर कॉस्टिगन म्हणाले. शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी खडू धरल्यासारखी त्यांची बोटं अजून मिटलेली असत. "ट्रेनर म्हातारा झालाय, दुसरं काही नाही."

"तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे तो, मास्तर."

"मी कुठं घोडे पळवतोय?"

"तुम्ही माझा पेपर तेवढा पळवता," काउंटर पुसत डिम्फ्ना म्हणाली.

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेला लॉर्कन डूलीही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्याच्या ग्लासातली काळी बिअर निम्म्यावर थांबली होती.

"लॉर्कन, तुझं जाणं-येणं आहे तिथं," फिंटन त्याच्याकडे वळला. "तू सांग, काय बिघडलंय?"

"मी काय सांगणार? मी गवत देतो."

"तेवढी एकच गोष्ट शाबूत आहे बघ त्या तबेल्यात. डूलीचं गवत."

लॉर्कननं ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

त्याचं वय सदुसष्ट. चाळीस एकर कुरण, थोडी गुरं, आणि वाळल्या गवताच्या बाबतीत तीन परगण्यांत नाव. बापानं त्याला बोलायच्या आधी गवत शिकवलं असं त्याची बायको नोरीन म्हणायची. कापलेल्या गवताची मूठ घ्यायची, पिळायची, गालाला लावायची. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. मग आणखी एक दिवस उलथत राहायचं, आभाळाला शिव्या देत. या ओल्या मुलखात सलग पाच दिवस ऊन मिळणं म्हणजे वर्षाचं नशीब, आणि शेजारी घाई करून गठ्ठे बांधून मोकळे होत तेव्हाही लॉर्कन थांबलेला असे. म्हणून जेरोम त्याचा गठ्ठा कधी उघडून बघत नसे. दोघं एका बाकावर शिकले होते. माळ्यावर डूलीचं गवत चढलं की तो विषय तिथं संपत असे.

गेल्या जुलैच्या अखेरीला गॉलवेच्या मोठ्या शर्यती होत्या. बुधवारी कॅप्टन नेटल धावणार होता आणि घोड्यांच्या लॉरीत पुढच्या सीटवर ये, असं जेरोमनं त्याला सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी खालच्या शेतातलं गवत लॉर्कननं गालाला लावलं. गार लागलं. आणखी एक दिवस थांबायला हवं होतं. पण बुधवारी रात्री पाऊस येणार असं रेडिओ सांगत होता आणि थांबायचं म्हणजे त्यानं बुधवारी इथं असायला हवं. चाळीस वर्षं तो थांबत आला होता. त्या संध्याकाळी त्यानं गठ्ठे बांधून टाकले. दुसऱ्या दिवशी घोडा जिंकला. जेरोमनं भर गर्दीत त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

ते गठ्ठे जेरोमच्या माळ्यावर मागच्या बाजूला गेले. नोव्हेंबरात पुढचे संपले आणि त्यांची पाळी आली. त्याच महिन्यात घोडे विझू लागले. लॉर्कनला हे कळलं नाताळाच्या आठवड्यात, त्याच शेतातला घरी ठेवलेला गठ्ठा गुरांसाठी फोडला तेव्हा. आतून राखेसारखी बुरशीची धूळ उडाली आणि तो स्वतःच खोकला. जेरोमकडे गेलेले चांगले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तीन आठवडे रोज सांगत होता. सांगून सांगून त्याचा आवाज बसला होता, जणू तो मोठ्यानं ओरडत आला होता.

"शेवटी कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं," फिंटन म्हणत होता. "शुक्रवारी टेसला काढलं."

लॉर्कननं मान वर केली. "कुठल्या टेसला?"

"अशा किती टेस आहेत? टेस हॅनिगन. सव्वीस वर्षं तबेला सांभाळला तिनं. दाणा चुकवते म्हणे."

लॉर्कन उठला. टोपी विसरला, परत येऊन घेतली.

"अरे, बिअर राहिली!" डिम्फ्ना ओरडली.

तबेल्यात जेरोम एकटाच माळ्याखाली बादल्या धूत होता. त्याच्या मागं एक घोडा कोरडा, बारीक खोकला, आणि थोड्या वेळानं दुसरा.

"पाहिलीस ना शर्यत?" जेरोमनं मान न वळवता विचारलं. "काही बोलू नकोस. सकाळपासून चार मालकांचे फोन येऊन गेलेत. दोघं घोडे हलवतायत."

"सुरी आहे तुझ्याकडं?"

लॉर्कन शिडी चढला, मागचा एक गठ्ठा ओढून खाली टाकला आणि दोरी कापली. गठ्ठा उलगडला. वरचं गवत हिरवट, सुरेख होतं. मधे हात घातला तसा करडा धुरळा उठून दोघांच्या मध्ये तरंगत राहिला.

जेरोमनं खाली वाकून हुंगलं.

"गॉलवेच्या आदल्या दिवशी बांधलं मी," लॉर्कन म्हणाला. "ओलं होतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं."

"हो. आणि तीन आठवडे मी गप्प बसलो."

तो शिव्यांची वाट पाहत होता. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जेरोम उलट्या बादलीवर बसला.

"टेसनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, मालक, गवताला वास येतोय. मी म्हटलं, डूलीच्या गवताला नावं ठेवायची नाहीत माझ्या तबेल्यात. शुक्रवारी परत म्हणाली. म्हणून काढलं मी तिला. दाण्याचं मी लोकांना सांगितलं."

पाऊस पडत होता, पण नावापुरता. दोघं लॉर्कनच्या गाडीतून टेसच्या घरी गेले.

टेसनं दार उघडलं. एप्रनला हात पुसत ती आधी जेरोमकडे, मग लॉर्कनकडे बघत राहिली. लॉर्कननं सगळं सांगितलं, गॉलवेपासून आजपर्यंत, दारात उभं राहूनच.

"म्हणजे माझं नाक शाबूत आहे," ती म्हणाली.

"चूक माझी होती, टेस," जेरोम म्हणाला. "परत ये."

"मालक, सव्वीस वर्षं तुमच्या घोड्यांच्या शेणाचा वाससुद्धा मी ओळखत आले. आणि तुम्ही विश्वास ठेवलात कुणावर? शाळेतल्या बाकावर." मग लॉर्कनला म्हणाली, "आणि तू. तुला तोंड होतं ना रे?"

"होतं."

"मग?"

उत्तराची वाट न बघता ती पुन्हा जेरोमकडे वळली.

"उद्या येशील?" जेरोमनं विचारलं.

"उद्या नाही. परवाचंही सांगत नाही. दमलेय मी." ती दाराला टेकली. "पबमध्ये जाऊन आधी सांगा, दाणा बरोबर होता म्हणून. फिंटन ऐकेल असं सांगा, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होईल. मग माळा रिकामा करा. एक काडी ठेवू नका. फळ्या धुवा. आणि मार्चपर्यंत एकही घोडा शर्यतीला नेऊ नका. कॅप्टनला तर आज न्यायलाच नको होतं, फुप्फुसं फुटतील त्याची."

"मार्चपर्यंत घोड्यांचे मालक थांबणार नाहीत," जेरोम म्हणाला.

"नाही थांबणार," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

दोघं पायरीवर उभे राहिले. जेरोमनं कोटाची कॉलर वर केली.

"किती गठ्ठे असतील मागचे?"

"एकशे चाळीस."

"आधी पब की आधी माळा?"

"पब," लॉर्कन म्हणाला. "मी सांगतो. तू बाहेर गाडीत बस."