खुर्चीच्या दांडीवरच्या गाठी

आज अर्जाचा शेवटचा दिवस, फी सव्वाचार हजार, आणि घरात आम्ही तिघे: मी, बायको आणि नुकतीच डॉक्टर झालेली आमची मुलगी. तिला सर्जन व्हायचे आहे. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचा हा अर्ज.

सकाळी ती खुर्चीच्या दांडीवर दोऱ्याच्या गाठी मारत बसली होती. टाक्यांचा हात असाच बसवतात.

"अगं, बांधून कशाला ठेवतेस? खुर्ची काय पळून जाणारे?" तिची आई म्हणाली.

एरवी ती हसली असती. करोना आल्यापासून तिच्या रुग्णालयातले ऑपरेशन थिएटर बंद आहे आणि तिचे हात दिवसभर मृत्यूचे दाखले लिहितात. मला वाटले, शिकणे म्हणजे पुढच्या बऱ्या दिवसांवर घेतलेली उचल. ते दिवस येतीलच, ही हमी आता कोण देणार?

"बाबा, फी भरू नका," ती म्हणाली. "टाका घालायला माणूस जिवंत लागतो."

ती मास्क लावून ड्यूटीला निघून गेली. संध्याकाळी मी परीक्षा मंडळाला पूर्ण फी भरली आणि पावती तिच्या फोनवर पाठवली. तिने ती अजून उघडलेली नाही.