तीस अंशांचा जिवाणू

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी चंद्रपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत एका काचेच्या नळीपायी अडकून पडलो होतो. नळीत जिवाणू होते. सरांनी प्रबंधासाठी दिलेले. मेले तर वर्ष गेलं. जिवाणूंमध्ये विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, एक कुळ असतं, ते बायोटिनसारखा इवलासा सहघटक नेमक्या प्रथिनाला जोडून देतं. तो जोडला गेला तरच प्रथिन कामाला लागतं आणि पेशी वाढते. माझ्या नळीतल्या जिवाणूंच्या वाणात हे विकर अधू होतं. तीस अंशांना काम करायचं, चाळिशी ओलांडली की बंद. आणि आमच्या खोलीत सकाळी दहालाच बेचाळीस.

कॉलेजचा फ्रिज बिघडलेला. गल्लीत एकच फ्रिज होता, समोरच्या काकूंकडे. जंतू म्हणताच त्यांनी दार लावून घेतलं. म्हणून ओल्या वाळूत माठ, माठाला तरट, आत नळी आणि तापमापक. दर पंधरा मिनिटांनी तरटावर पाणी.

अशाच एका दुपारी पोंभुर्णा गावात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची सभा होती. पत्रक मी लिहिलेलं, बोलायचंही मीच. मला बोलवायला आलेला संघटनेतला सोबती सायकलवरून उतरलाच नाही.

"काऊन, येतं का नाई? बाया पत्ता सोडून येऊन राह्यल्या, अन् तू जंतूले वारा घालतं?"

तो निघून गेल्यावर आई म्हणाली, "जाय तू. मी टाकतो ना पानी."

"तुले आकडे वाचता येत नाई, आई."

"मंग दाखव. पारा कुठवर पायजे?"

मी तीसची रेघ दाखवली. तिनं तिथं दोरा बांधला.

मी स्टँडवर गेलो. पोंभुर्ण्याची गाडी लागलेली होती. दांड्याला हात लावला आणि डोळ्यांसमोर पारा चढू लागला. ज्ञान मूठभरांच्या हातातून काढून घ्या, असं पत्रकात छापणारा मी उन्हातून धावत घरी आलो.

आई माठापाशी बसली होती. तरट ओलंचिंब. पारा दोऱ्याच्या जरा खालीच.

"भरोसा नव्हता ना?" ती म्हणाली. "पत्रकात तं लय लिवतं."

गाडी सुटून गेली होती. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पडली. संध्याकाळपर्यंत मी पाणी टाकत राहिलो. जिवाणू जगले. सभेत माझ्याऐवजी कोण बोललं, हे विचारायला मी बरेच दिवस कोणाकडे गेलो नाही.