पहिला नारळ

भिवंडीतल्या निजामपुऱ्यातल्या माझ्या दुकानात शेजारच्या लूमच्या खडखडाटात फोन नीट ऐकू येईना. मामेभाऊ शेवटी ओरडला, "बाबा गेले रे..." त्याचे बाबा म्हणजे माझे शिवामामा. मी शटर ओढलं आणि गावाकडे निघालो.

भिवंडीजवळच, डोंगराखालच्या गावात मामांकडे परवान्याची बंदूक होती. त्यांच्या आजोबांनी गुरं मारणारा वाघ टिपला होता, तेव्हापासून दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला वाघोबाच्या दगडापुढे पहिला नारळ त्यांच्या घरचा फुटायचा. गावकरी वाजतगाजत न्यायला यायचे. तरुणपणी मामांनीही शिकार केली. पुढे कायदा आला आणि बंदूक फळीवर गेली ती गेलीच. मिशीचा पीळ तेवढा राहिला!

काही वर्षांपूर्वी बिबट्या गावात शिरू लागला. आधी कोंबड्या, मग शेळ्या. लोक बंदुकीसाठी दारात आले. मामा म्हणाले, "शेलीपायी बिबट्या मारता येत न्हाय. मानसाच्या जिवावर उठला तरच, नि तेबी वनखात्याच्या मोठ्या सायबाची लेखी परवानगी पायजे. आपन पिंजरा मागू." पिंजऱ्यासाठी त्यांनी स्वतः खेटे घातले. पण पिंजरा यायच्या आत शेजारची यमुनाकाकी परसात गेली, ती परतलीच नाही... तिचा मुलगा मामांच्या ओसरीसमोर उभा राहिला. "मामा, आता माजी आय गेली. आता भेटंल ना परवानगी?"

बिबट्या पुढे पिंजऱ्यात सापडला, कुठल्याशा लांबच्या जंगलात सोडला. वाघबारशीला मात्र मामांकडे कुणी आलं नाही. ना त्या वर्षी, ना नंतर. मामा दर वर्षी कुंकू लावलेला नारळ मांडीवर घेऊन ओसरीवर बसायचे. मामी म्हणायची, "आत या आता." "थांब गो, येतील..." मला भयंकर राग यायचा. मामा चुकले नव्हते, असं मी आजही म्हणतो. पण यमुनाकाकीच्या मुलासमोर म्हणायची छाती होत नाही.

तेराव्यानंतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. रिकाम्या फळीवर गेल्या वाघबारशीचा नारळ तेवढा उरला. मामीने तो कानाशी धरून हलवला. पाणी आटलं होतं.

"टाकू काय रे?" तिने विचारलं. मग तिनेच पदराने नारळ पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला, शेंडी दाराकडे करून.