पायाखालची केबल

मधुसूदन हरकरे हिंगण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. भिंती एका ट्रेसिंग पेपरवर, यंत्रं दुसऱ्यावर, जमिनीखालच्या नाल्या आणि विजेच्या केबल तिसऱ्यावर. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर हे कागद एकावर एक ठेवून ते पक्का नकाशा शाईनं उतरवत. दोन वस्तू एकाच जागी आल्या, की कोणती वर दाखवायची हे त्यांनाच ठरवावं लागे. केबल ते तुटक रेघेनं काढत. तिच्यावर काहीही आलं तरी ती रेघ दिसत राही.

१९७८ साली पत्रा दाबून घडवणारी नवीन प्रेस बसवायचं ठरलं. मालक पाहायला येणार होते. मॅनेजर मनोहररावांनी नकाशा पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"हरकरे, हे काय जाळं विणलंत? मालकांना प्रेस दिसली पाहिजे. तिचा पाया सगळ्यात वर घ्या आणि भरून टाका."

"साहेब, खालून मोठी केबल गेली आहे."

"ती जुन्या नकाशात आहेच ना? हा फक्त दाखवायला."

हरकरेंनी पायाचा चौकोन दाट तिरप्या रेघांनी भरला. केबल त्याखाली गडप झाली. बाहेर उरलेले तिचे तुकडे नालीसारखे वाटत होते. मालक खूश होऊन गेले.

नकाशा सुटसुटीत होता, म्हणून मनोहररावांनी त्याचीच प्रत खोदकामाच्या ठेकेदाराला दिली. हरकरेंना कोणी विचारलं नाही.

खोदकाम सुरू झालं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आधी अचानक पंखे बंद पडले. बाहेर ओरडा झाला. हरकरे धावत गेले, तेव्हा खड्ड्यातून बळीरामला वर काढत होते. तो खापा गावचा मजूर. त्याची सब्बल, खणायची लोखंडी पहार, केबलमध्ये घुसली होती. दवाखान्यात न्यायच्या आतच तो गेला.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी केबिनचं दार लावलं. "केबल वर घेऊन नकाशा पुन्हा काढा. तारीख जुनी टाका. मजुरानं सांगितलेलं ऐकलं नाही, असं फॅक्टरी इन्स्पेक्टरला सांगू."

हरकरे टेबलावर येऊन बसले. शाई भरली, मग पेन पुसून ठेवून दिलं. संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. नीलाताई तांदूळ निवडत होत्या.

"नोकरी जाईल," त्या म्हणाल्या.

"जाईल."

"मग आता मला काहून विचारून राहिले? तुमचं तर ठरलं आहे."

चौकशीत हरकरेंनी इन्स्पेक्टरसमोर ठेकेदाराला दिलेलाच, केबल झाकलेला नकाशा ठेवला. "केबल मी झाकली. साहेबांच्या सांगण्यावरून, पण हात माझा." असा हुकूम दिलाच नव्हता, असं मनोहरराव शांतपणे म्हणाले. लेखी काही नव्हतं. ठपका एकट्या हरकरेंवर आला आणि त्यांना काढून टाकलं. मजुराची चूक नव्हती, एवढं मात्र कागदावर आलं. त्यामुळे बळीरामच्या बायकोची भरपाई अडली नाही.

पुढे हरकरे खाप्याला गेले. बळीरामची बायको मनकर्णा अंगणात शेण कालवत होती.

"कोन पाहिजे?"

"मी कारखान्यातला. तो नकाशा मी काढला होता."

तिचे हात थांबले. "म्हंजे वायर तुमीच लपवली?"

"हो."

"अन् चौकशीच्या सायबासमोर खरं सांगनारे तुमीच?"

"हो."

ती शिव्या देईल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं.

"खाली वायर हाये हे तुमाले ठाव होतं गा," ती म्हणाली. "त्याले कोनीच नाही सांगितलं."

तिनं पुन्हा शेणात हात घातला. "जा तुमी आता. सासू उठंल, तिले नका दिसू."

नंतर त्यांना शहरातल्या महाल नावाच्या जुन्या वस्तीत एका घरबांधणीच्या ठेकेदाराकडे काम मिळालं, पगार अर्ध्याहून कमी. खाप्याला ते पुन्हा गेले नाहीत. मनकर्णा काय म्हणाली, असं नीलाताईंनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "ती बरोबर बोलली."