न तपासता ठरवलेला रोग

"नवरा मेलाय म्हणतेस. मग जातेस कुणाकडं?"

डॉक्टरनं आईला असं विचारलं. पडवीत बसलेले बाप्ये हसले. कंपाउंडरही हसला. आई खाली अंगणात उन्हात उभी, शेजारी मी. महारवाड्यातल्यांनी पायरी चढायची नाही. तिनं एवढंच सांगितलं होतं की पाळी जाऊन वर्षं झाली, तरी अंगावरनं रगत जातंय. तेही पदर दातात धरून.

डॉक्टरनं नाडीसुद्धा धरली नाही. खुर्चीतूनच म्हणाला, "वाईट चालीचा रोग आहे. दुसरं काय असणार?" कंपाउंडरनं वरूनच बाटलीत तांबडं औषध ओतलं. निम्मं मातीत सांडलं.

कोल्हारला घरी परत येताना आई प्रवरा नदीच्या कडेला बसली. तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. पुन्हा धुतलं. घरी आल्यावर म्हणाली, "त्या दवाखान्याचं नाव काढलंस तर हीर जवळ करीन."

वस्तीत बातमी आमच्या आधी पोचली होती. पाण्याला जाताना बायका तिला टाळायला लागल्या. आमच्याच बायका. ते जास्त लागलं.

आई फडकी लपवून धुवायची. मला दिसायचं, मी बोलत नव्हते. मग वास यायला लागला. मग तिला उठवेना. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशावर चालणाऱ्या मोटारीत मागच्या कोपऱ्यात तिला निजवून मी नगरला नेलं, बायकांच्या दवाखान्यात.

तिथली डॉक्टरीणबाई आईला पडद्याआड घेऊन गेली. पलंगावर निजवलं. दिवा धरून आत बघितलं. "आई, दुखलं तर सांगा हं." आईला उभ्या जन्मात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. ती रडायला लागली.

बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर दिसतोय. पण नुसत्या डोळ्यानं बघून चूक होते. म्हणून तुकडा काढलाय. भिंगाखाली तपासून नक्की सांगते."

तुकड्यातही तेच निघालं.

"आधी कुणी तपासलं नव्हतं?"

"डाक्तरकडं गेल्तो. त्यानं बघितलं न्हाई. चालीचा रोग म्हनाला."

बाई म्हणाल्या, "तेव्हा बघितलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. आता पसरलाय."

आखाडात आई गेली. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "मी तसली न्हाई गं." पोटच्या पोरीला तिला हे सांगावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या धुरपदामावशीच्या अंगावरनं जायला लागलं. ती मला घेऊन त्याच दवाखान्यात गेली, दुसरा जवळ नव्हताच. डॉक्टरनं तिलाही तेच विचारलं. बाप्ये तसेच हसले.

मी पायरी चढले. पडवीत जाऊन त्याच्या टेबलापुढं उभी राहिले.

"खाली उतर!"

"न्हाई उतरत. तिला आत घ्या. आधी तपासा, मग बोला."

"मला न बघता कळतं."

"न्हाई कळत. माझ्या आईला चालीचा रोग म्हनालात. नगरला तपासलं, तर कॅन्सर निघाला. मेली ती. तुमी रांड ठरवून मारली."

आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टर उठला, "हाकला हिला" म्हणाला. कंपाउंडरनं दंडाला धरून मला ओढलं. मला रडू आलं नाही, त्याचं मलाच नवल वाटलं.

मावशीला मी नगरला नेलं. तुकडा तपासला. साधी जखम होती, औषधानं भरली. मावशी हसत घरी आली. मला हसू आलं नाही. माझ्या आईला एक दिवा आणि दोन घटका मिळाल्या नव्हत्या.

आता मी घरोघर जाऊन बायकांना उघड विचारते, अंगावरनं जातंय का? पांढरं, लाल, काय असेल ते सांग. लाजली तरी विचारते. दारातून हाकललं तर दुसऱ्या दिवशी जाते. लोक मला बेशरम म्हणतात. म्हणू दे. बाईला न तपासता जो तिच्या चालीवर बोलेल, त्याला मी चारचौघांत जाब विचारणार. मग तो डॉक्टर असो नाही तर आणखी कुणी.