गोल शीव

मी एका गावाची मेलेली माणसं शेजारच्या गावाला देऊन टाकली. तीही चुन्याने आकडे घालून.

मोजणीखात्यात नवा कारकून लागलो होतो. कल्याणचा, इंग्रजी चार बुकं शिकलेला. डोक्यावर ताजं पागोटं आणि त्याखाली फारसं काही नाही. आंबिवलीपलीकडच्या दोन गावांमधली शीव कायम करायची होती. मधल्या टेपाडावर कमरेइतके ओबडधोबड दगड ओळीने उभे दिसले. त्यांच्या मागे दोन उभ्या दगडांवर एक अजस्र शिळा आडवी टाकलेली, निम्मी मातीत रुतलेली. ओळ पुढे करवंदीच्या जाळीत शिरत होती. जाळीत शिरायला मी काही ससा नव्हतो. म्हटलं, वा! जुन्या लोकांनी हद्दीचे दगड आयतेच पुरून ठेवलेत.

रीतीप्रमाणे दोन्ही गावांची साक्ष घ्यायची. पण ऊन चढलं होतं, खालच्या गावाला निरोप धाडायचा कंटाळा आला होता, आणि वरच्या गावाचा पाटील ताकाचा लोटा घेऊन आधीच हजर होता.

"शीव हीच ना?" मी ताक पिता पिता विचारलं.

"रावसाहेब, तुम्ही सांगाल ती!"

इतक्या गोड उत्तराने शहाणा माणूस सावध होतो. मी नऊ दगडांवर चुन्याचे आकडे घातले, नकाशावर शाईची रेघ ओढली आणि शिळेच्या सावलीत दशम्या सोडल्या. रेघ टेपाडाच्या खालच्या अंगाने गेली; म्हणजे अख्खं टेपाड वरच्या गावाचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. वरच्या गावाने विहीर खणायला घेतली होती आणि बांधायला दगड हवे होते. पाटील पहारी आणि दोन गाड्या घेऊन टेपाडावर आला होता. समोर दगडांना पाठ लावून खालचं गाव उभं. पुरुषांच्या हातात कोयते. मला कुणी वाट दिली नाही. खांद्यांचे धक्के खात आत शिरलो.

शिळेवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती. तिच्या बोलीत 'अहो'ला जागाच नव्हती.

"ह्योच काय तो? आरं, हितं खाली आमची मानसा हायेत. कवाची, ते कुनाला ठाव नाय. नवा भात आदी त्यांना, मंग आमाला. आन् तू त्यांना त्या गावाला दिलीस?"

"बाई, सरकारी मोजणी आहे. दगडांची ओळच सांगते—"

"वल? जालीत शिर."

शिरलो. शिरावंच लागलं, मागे कोयते होते. दगड वळत गेले, वळत गेले. काट्यांनी पागोटं ठेवून घेतलं. बोडक्या डोक्याने बाहेर पडलो तो माझ्याच हातच्या 'एक' या आकड्यापाशी.

"शीव कवा गोल असते काय रं?" म्हातारीने विचारलं. मोजणीची साखळी धरणारे माझे गडीसुद्धा हसले.

पाटील हसला नाही. "रेघ शाईची आहे, रावसाहेब," म्हणाला, आणि त्याच्या माणसाने पहिल्या दगडाखाली पहार घातली. तसे कोयते वर झाले. मी त्या दोहोंच्या बरोबर मध्ये होतो. न्यायबुद्धी म्हणतात ती मला त्या क्षणी झाली.

"चुकलो! रेघ चुकली!" मी ओरडलो आणि सगळ्यांसमोर नकाशावर काट मारली.

"काल ताक पिताना बरं चुकला नाहीत," पाटील म्हणाला आणि माझ्या पायापाशी थुंकला. गाड्या रिकाम्या परतल्या. वरच्या गावातल्या देवळात माझा मुक्काम होता. माझी वळकटी त्यांनी वाटेवर फेकली.

पुढे वाचनात आलं की नागपूरकडे अशी वर्तुळं पुष्कळ आहेत आणि ती पोथ्यापुराणांच्याही आधीच्या माणसांची थडगी असावीत. पण त्या दिवशी आकडे पुसायला माझ्या हाती होता फक्त लोटा. खालच्या गावाने घागर दिली नाही, प्यायला पाणीही नाही. नदीवरून खेपा घालून, उपरण्याने घासून मी नऊच्या नऊ आकडे पुसले. गाव बसून बघत होतं.

शेवटचा दगड पुसून मी हात जोडले. "आजी, आता तरी राग गेला ना?"

तिने दगडावरून बोट फिरवून चुना राहिला का ते पाहिलं.

"खाली हायेत ते कवाचेच मेलेत," ती म्हणाली, "तरी शीव त्यांना तुज्यापरीस जास्त कलते."