उताराचं इंजिन

त्या मिस्त्रीला सगळे पणमिस्त्री म्हणत. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी त्याचं उत्तर 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून.

"मिस्त्री, पिकअपला दुसरं इंजिन टाकून द्या."

"देतो. पण मागे काय भरणार?"

"सिमेंट."

"पण किती पोती?"

"तीस."

"पण खरं किती?"

मग गिऱ्हाईक छपराकडे बघायचं, मान खाजवायचं आणि हळूच पन्नासावर यायचं. लोक चिडवायचे, की लग्न ठरताना पोरगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हा 'पण' म्हणाला असणार. त्यावर मिस्त्रीण चहा गाळता गाळता सांगायची, "म्हणाले होते ना! पसंत आहे, पण तिला मी पसंत आहे का ते विचारा, असं म्हणाले. मला कुणी काही विचारायची ती पहिलीच वेळ. तेवढ्यावर तर मी हो म्हटलं."

शेड रस्त्याच्या कडेला. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन, मधोमध लोखंडी तुळईला लटकलेली चेनकप्पी. मागच्या भिंतीला लागूनच घर. घराच्या ओट्यावर उभं राहिलं की शेडमधलं सगळं ऐकू यायचं, आणि मिस्त्रीणीला ऐकायची आवडही होती. समोरचा रस्ता पुढे चढत चढत डोंगरावरच्या दगडाच्या खाणीपर्यंत जायचा. वर जाताना गाड्या रिकाम्या आणि उतरताना भरलेल्या. हे उलटं गणित ज्याला कळलं त्याला मिस्त्रीची विद्या कळली.

त्याचं म्हणणं असं, की इंजिनं दोन जातीची. एक पळणारी. पायाखाली जरा दाबलं की उसळतात, ड्रायव्हर खूश होतात, पिकप काय आहे म्हणतात. दुसरी ओढणारी. आवाज भोंगळ, अंगाने जाड, हलायला आळशी. सगळे विचारतात, चढावर कसं चालेल? हा म्हणायचा, "चढावर इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते. उतारावर कमी पडलं तर थांबत नाही. म्हणून इंजिन निवडायचं ते उतारासाठी." जाड इंजिन खालच्या गिअरात टाकून पाय उचलला, की मागचं सगळं ओझं उरावर घेऊन ते पायरी पायरीने खाली उतरतं. ब्रेकला फार काम पडत नाही.

अशी शिस्त लावून तीस वर्षं गेली. त्याने दिलेली गाडी उतारावर सुटली असं कधी कानावर आलं नाही. एकुलती एक लेक याच शेडमध्ये लहानाची मोठी झाली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं ऐकायचं, हे ती बाराखडीच्या आधी शिकली. पुढे तिचं लग्न झालं. जावई स्वतःची पिकअप चालवणारा, खाणीतून फरशीचे दगड आणणारा. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि मानाच्या बाबतीत फार हळवा.

एकदा तो जेवायला बसला होता. मिस्त्रीने वाढता वाढता म्हटलं, "जावईबापू, गाडी झकास ठेवलीत. पण मागचे टायर गुळगुळीत झालेत."

जावयाने घास खाली ठेवला. हात धुतला. लेकीला म्हणाला, "चल." त्यानंतर सात महिने लेकीचं येणं नाही. फोन केला तरी "बरी आहे, ठेवते," एवढंच. सात महिन्यांनी समेट झाला तेव्हा मिस्त्रीणीने नवऱ्याला दारात अडवलं. "त्या टायरने माझी पोर सात महिने नेली. यापुढे जावयासमोर तुमचा तो 'पण' तोंडातून निघाला, तर माझ्याशी गाठ आहे."

मिस्त्री "बरं" म्हणाला.

पुढच्या वर्षी जावयाच्या गाडीचं इंजिन बसलं. धूर ओकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं. तो गाडी ओढून सासऱ्याकडे घेऊन आला. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर दोन इंजिनं ठेवलेली होती. एक मोडीत निघालेल्या ट्रकचं, जाडजूड, जुनं. दुसरं त्याच्या निम्म्या वजनाचं, नवं, चकचकीत, पळणारं.

"मामा, हे धाकटं टाका," जावई म्हणाला. "पिकप बघा याचा! दिवसाला एक खेप जास्त होईल."

मिस्त्रीची नजर गाडीच्या मागच्या पाट्यांवर गेली. ओझं झेलणारे ते पाटे कमानीसारखे असायला हवेत, इथे ते सरळ पट्टीसारखे झाले होते. शिवाय प्रत्येक बाजूला एकेक पाटा जादा घातलेला. किती दगड भरतो हे विचारायची गरजच नव्हती, पाटेच सांगत होते. मिस्त्रीने तोंड उघडलं. ओट्यावर मिस्त्रीण चहाची कपबशी घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे फक्त बघितलं.

"टाकतो," मिस्त्री म्हणाला.

"बघितलंत?" जावई ओट्याकडे बघून हसला. "मामा सुधारले!"

मिस्त्रीणही हसली. मिस्त्रीही हसला.

चार महिने गाडी अशी पळाली, की जावई येता जाता शेडसमोर हॉर्न देऊन ओरडायचा, "मामा, विमान दिलंत, विमान!" लेक दर रविवारी येऊ लागली. सोबत पाच वर्षांची नात. घर हसतं खेळतं झालं. मिस्त्री रात्री कूस बदलायचा, तेव्हा मिस्त्रीण म्हणायची, "झोपा आता. सगळं छान चाललंय."

पाचव्या महिन्यात, दुपारी साडेतीनला, भरलेली पिकअप तिसऱ्या वळणावरच्या भिंतीत घुसली. जावई जागीच गेला.

मिस्त्री पोचला तेव्हा माणसं जमली होती. "ब्रेक फेल," सगळे एकमेकांना सांगत होते. "बिचाऱ्याचे ब्रेक फेल झाले." ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास हवेत होता. मिस्त्री वाकून केबिनमध्ये बघू लागला. गिअर खालचाच होता. जावयाने जे करायचं ते सगळं केलं होतं, गिअर वेळेवर टाकला होता. त्या हलक्या इंजिनाला एवढं ओझं धरता आलं नाही, म्हणून सगळा भार ब्रेकवर आला, आणि ब्रेक तापून जळाले. ब्रेकने इंजिनाचं काम केलं आणि करता करता मेले.

"ब्रेकच ना, मिस्त्री?" कुणीतरी विचारलं.

"ब्रेकच," तो म्हणाला.

दोन महिने गेले. मग लेक आली ती मोडकी पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून घेऊन. चेहरा वाळलेला, आवाज ठाम.

"बाबा, चॅसी सरळ आहे. पत्रेवाला केबिन करून देतो म्हणाला. इंजिन तेवढं तुम्ही तपासा. खाणीवर काम आहे, गाडी घेऊन या म्हणालेत."

"चालवणार कोण?"

"मी. लायसन्स काढलंय."

मिस्त्रीणीच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं ते जरा जोरातच. "अगं, त्याच रस्त्याने?"

"दुसरा रस्ता आहे का आई? असला तर सांग."

आता मिस्त्रीच्या डोक्यात काय चाललं होतं, ते त्याचं त्याला माहीत आणि मिस्त्रीणीला माहीत. हे इंजिन गाडीत राहिलं, तर लेक त्याच उतारावरून, तेच दगड भरून, त्याच भिंतीकडे जाणार. बदला म्हटलं, तर ती विचारणार, तेव्हा का नाही सांगितलं? तीन दिवस तो गाडीभोवती फिरला. बोनेट उघडायचा, झाकायचा. चौथ्या दिवशी लेक आली तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "याच्या ब्लॉकला चीर गेलीय. टाकून द्यावं लागेल. ते जाड बसवू."

"कुठे आहे चीर?"

"आतून आहे. दिसायची नाही."

 लेकीने ऑइलची कांडी ओढून काढली, फडक्याला पुसली, परत घातली, परत काढून उजेडात धरली. मग शेडमधली बॅटरी उचलून आणली, वायरी जोडल्या, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. तिने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग इंजिन बंद केलं.

"चीर गेली की पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल दुधासारखं होतं. तुम्हीच शिकवलंय. हे ऑइल स्वच्छ आहे. इंजिन ठणठणीत आहे." तिने कांडी त्याच्यासमोर धरली. "बाबा, उभ्या जन्मात तुम्ही गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नाहीत. मला का सांगता?"

मिस्त्री खाली ठोकळ्यावर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. पाटे सांगितले. गिअर सांगितला. ब्रेक का जळाले ते सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, समोरच्या पान्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे बसवतानाच तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"त्यांना एका शब्दाने बोलला नाहीत."

ओट्यावरून मिस्त्रीण खाली उतरली. "बाबांना बोलू नको. मी गप्प बसवलं. तुझ्यासाठी बसवलं गं. पुन्हा सात महिने तुझं तोंड दिसलं नसतं, तर मी मेले असते."

लेकीने आईकडे बघितलं. "कुणीच मेलं नसतं आई. सात महिने रडलो असतो. तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी ठरवलंत. मला विचारलं का?"

मिस्त्रीणीने पदर तोंडाला लावला. लेक रडली नाही. तिने बाही वर सारली.

"बसवा ते जाड. मी इथेच थांबते."

दोन दिवस लागले. चेनकप्पीने धाकटं वर ओढलं, बाजूला ठेवलं, जाड आत सोडलं. दोघांनी मिळून केलं. मिस्त्रीने हात पुढे केला की हवा तो पाना तळहातावर यायचा, न मागता, लहानपणी यायचा तसाच. तेव्हा पाना देताना ती बडबडायची, एवढाच फरक. आता कप्पीची साखळी तेवढी वाजत होती. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर तिने दोन प्रश्न विचारले.

"उतारावर गिअर कुठला?"

"ज्या गिअरात तेवढं ओझं घेऊन तो चढ चढशील, त्याच गिअरात उतर."

"भरायचं किती?"

"दोन टन. वर एक दगड नको."

तिने मान हलवली, जादा घातलेले पाटे काढून घेतले, आणि गाडी घेऊन गेली.

त्यानंतर ती आली नाही. गाडी मात्र रोज दिसायची. दुपारी वरून यायची, जाड आवाजात, चालत्या माणसाला मागे टाकेल न टाकेल अशी. शेडसमोर हॉर्न नाही, नजर नाही. ऑइल बदलायला ती पलीकडच्या पेठेतल्या मिस्त्रीकडे जाते, असं कळलं. नात आजोळी यायची थांबली. मिस्त्रीण दुपारी तीनला ओट्यावर काहीतरी निवडत बसायची. निवडायला काही नसलं तरी सूप घेऊन बसायची.

मिस्त्रीचा धंदाही उतरला. आता तो नुसतं विचारून थांबेना. म्हणायचा, गाडी भरून आणा, मी शेजारी बसतो, आधी उतार उतरून दाखवा, मग इंजिन देतो. एवढा वेळ कुणाला आहे? "म्हातारा कामातून गेला," असं म्हणत गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली.

आठ महिन्यांनी एका दुपारी पिकअप रस्ता सोडून शेडमध्ये शिरली. मिस्त्री पाना ठेवून उठला. मिस्त्रीण सूप टाकून धावली. लेकीने केबिनची काच खाली केली. दार उघडलं नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "टॅपेट वाजतायत. पेठेतल्याला या इंजिनाचे लावता येत नाहीत. बघता का?"

ज्या बापाला तिने बोलायला लागल्यापासून बाबा म्हटलं, त्याला तिने मिस्त्री म्हटलं. जोरात नाही, रागाने नाही. पेठेतल्याला म्हणत असेल तसंच.

"बघतो," तो म्हणाला. "इंजिन गार व्हायला पाहिजे. दीड तास लागेल."

"थांबते."

आणि ती दीड तास केबिनमध्येच बसून राहिली, समोर बघत. मिस्त्रीण पाण्याचा ग्लास घेऊन गेली. काय काय विचारायचं ते तिने चालता चालता जुळवलं होतं, पोर शाळेत जाते का, दात पडले का. लेक पाणी प्यायली आणि ग्लास परत देत म्हणाली, "थँक्यू."

पोटच्या पोरीने पाण्यासाठी आईला थँक्यू म्हणावं! मिस्त्रीण तशीच मागे फिरली. विचारायचं सगळं तोंडातच राहिलं.

मिस्त्रीने झाकण काढलं. पातळ पत्ती घालून झडप उघडणाऱ्या एकेका टॅपेटची फट जुळवली. पाच मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटं लावली, लावलेला परत तपासला. शेवटी झाकण आवळून म्हणाला, "चालू कर." आवाज स्वच्छ निघाला. उरलं काही नव्हतं, तरी तो खिडकीशी उभा राहिला.

"महिन्याभराने परत आण. एकदा बघावे लागतात."

"एकदा लावले की वर्षभर बघावे लागत नाहीत," लेक म्हणाली. "मला माहीत आहे."

तिने गिअर टाकला. गाडी शेडबाहेर गेली आणि रस्त्याला लागली. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते.

"परत कधी येणार म्हणाली?" ओट्यावरून मिस्त्रीणीने विचारलं.

"वर्षाने."

"वर्षाने," ती म्हणाली, आणि ग्लास विसळायला आत गेली.